जीव न लावणारी

पाल पाळायची, हे बायकोने ठरवलं आणि मी बरं म्हटलं. आमच्याकडे निर्णय असेच होतात आणि त्यात आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही.

मराठीत बाईला दिवस जातात. आमची वर्षं गेली. दोनदा आशा लागली आणि दोन्ही वेळा पोट दिसायच्या आत मिटली. मधल्या काळात इतक्या तपासण्या झाल्या, की स्वतःच्या शरीराबद्दल नको ती सगळी माहिती मला झाली. शेवटी गेल्या हिवाळ्यात दवाखान्याच्या पार्किंगमध्ये बायको म्हणाली, "बास झालं." मीही म्हटलं, "बास." मग पार्किंगची पावती सापडेना, म्हणून आम्ही गाडीत बसून आपापले खिसे उलटे करत राहिलो. पावती सापडली तोवर विषय संपला होता.

म्हणजे बोलण्यापुरता संपला. मागची खोली तशीच रिकामी राहिली. ती बाळाची खोली आहे असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. पण इस्त्रीचं टेबल तिथे न्यायला निघालं की दोघांपैकी एकजण म्हणायचा, "इथे नको." कपड्यांचा स्टँड, जुना सोफा, माझी सायकल, सगळ्यांना त्या खोलीने परत पाठवलं होतं. घरातली सगळ्यात जास्त उजेडाची खोली आणि तिचं दार कायम लोटलेलं.

बायकोचं म्हणणं साधं होतं. ती खोली आता कुणाला तरी देऊन टाकायची. त्यात समारंभ नको, रडारड नको आणि नातेवाइकांनी येऊन पाठीवरून हात फिरवायला तर अजिबात नको. हे प्रकरण कुणाला कळायच्या आत, आवाज न करता मिटवायचं. तिला तेवढंच हवं होतं.

कुत्रा तिने आधीच बाद केला होता, कारण कुत्रा दारात वाट बघत बसतो. मांजर वाट बघत नाही, पण बघत नाही हे दाखवते, तेही नको. पक्षी बोलतात. मासे मरतात. पाल तिला सुचली एका दंतवैद्याच्या दवाखान्यात. बायको दातांच्या कवळ्या बनवते. प्लास्टरचे साचे, मेण, गुलाबी अ‍ॅक्रिलिक आणि डब्यांतून रंगाच्या छटेप्रमाणे लावलेले दात, असं तिचं जग आहे. एका कवळीचं माप पुन्हा घ्यायला ती गेली होती, आणि तिथल्या बाकासमोर काचेच्या पेटीत एक पाल होती. तासभर बायको तिच्यासमोर बसली. "ती हलली नाही," घरी येऊन बायको म्हणाली. "मीपण हलले नाही. बरं वाटलं."

बऱ्याच महिन्यांनी तिला काहीतरी बरं वाटलं होतं, म्हणून पुढच्याच सुट्टीच्या दिवशी आम्ही दुकानात गेलो.

दुकानदार आधी विमा विकायचा. ते त्याने सांगायची गरज नव्हती. त्याने आम्हाला आधी बसवलं, मग आमची दिनचर्या विचारली, आणि पाल हा शब्द बायकोच्या तोंडून बाहेर पडताच हात वर केला. "गेको म्हणा, ताई. पाल म्हटलं की गिऱ्हाईक स्वतःच्या भिंतीकडे बघायला लागतं आणि फुकटची आहे म्हणून परत जातं." बायको म्हणाली, पालच हवी आहे. दुकानदार म्हणाला, मग काय, पाल तर पाल.

त्यानंतर त्याने एकेका पेटीसमोर नेऊन जी माहिती द्यायला सुरुवात केली, ती मी आयुष्यात एकदाच ऐकली होती, आमचं लग्न ठरताना. स्वभाव कसा, तब्येत कशी, खाण्यापिण्याच्या तक्रारी आहेत का, माणसांत मिसळते की नाही. पत्रिका तेवढी नव्हती.

पहिल्या पेटीत टोके नावाच्या जातीचा एक नर होता. निळसर अंग, त्यावर केशरी ठिपके, लांबीला माझ्या पंजापेक्षा मोठा. आम्हाला पाहताच त्याने तोंड उघडलं आणि ते मिटायचं विसरला. दुकानदाराच्या मते तो तापट होता, पण मनाचा सच्चा. एकदा चावला की सोडत नाही. मी विचारलं, किती वेळ सोडत नाही? दुकानदार म्हणाला, त्याच्या मनात येईपर्यंत. हा प्रश्न मी धंद्याच्या सवयीने विचारला. मिक्सर, इस्त्री, पंखे वगैरेंच्या डब्यात एक पुस्तिका येते आणि कुणी वाचत नाही, त्या पुस्तिका मी लिहितो. 'उपकरण ओल्या हाताने हाताळू नये' हे वाक्य माझं आहे.

दुसऱ्या पेटीतली पाल पोपटाच्या रंगाची होती. दिसायला इतकी सुरेख की खोटी वाटावी. हिला मात्र हात लावायचा नाही, नुसती बघायची. घट्ट धरलं तर कातडी सुटून येते. बायकोने मान हलवली. इतकं जपणं आता होणार नाही, म्हणाली.

तिसरी तपकिरी होती आणि तिच्या डोळ्यांवर पापण्यांच्या केसांसारखी झालर होती. ती किडे न देताही जगते, फळांची पूड पाण्यात कालवून दिली तरी भागतं. पण सकाळ-संध्याकाळ पेटीत पाणी फवारायला हवं. शिवाय ती उड्या मारते आणि दचकली की शेपूट टाकते. इतर पालींची पुन्हा येते, हिची येत नाही.

"मग बिनशेपटीची जगते?" बायकोने विचारलं.

"मजेत जगते, ताई. रानात तर बऱ्याच तशाच असतात. तिला काही फरक पडत नाही."

बायको त्या पेटीसमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, हीच घेणार. पण ती पुढे सरकली, आणि मीही.

चौथी लेपर्ड गेको. पिवळी, अंगावर काळे ठिपके, जाड शेपूट, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू तिला आपल्याबद्दल काहीतरी कळलं आहे पण ती बोलणार नाही. हिला काचेवर चढता येत नाही, बोटांना चिकटपणाच नसतो. आवाज जवळजवळ करत नाही. पेटीचा एक कोपरा गरम लागतो, एक गार, आणि कात टाकायला एक ओलसर गुहा. खायला रातकिडे आणि अळ्या, जिवंत, कॅल्शियमच्या पुडीत घोळवून. मोठी झाली की शेपटीत चरबी साठवते, त्यामुळे चार दिवस खायला द्यायचं राहून गेलं तरी ती मनावर घेत नाही. "स्वभावाने एकदम गरीब," दुकानदार म्हणाला. "आणि नीट ठेवलीत तर वीस वर्षंसुद्धा काढते." आम्ही दोघांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि ती एकमेकांना सांगितली नाही.

मग बायकोने तो प्रश्न विचारला.

"जीव लावते का?"

"लावेल की," दुकानदार उत्साहाने म्हणाला. "थोडा वेळ द्या. हाताची सवय होऊ द्या."

"तसं नको. न लावणारी दाखवा."

विम्याच्या धंद्यातही त्याला अशी मागणी कुणी केली नसावी. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी रातकिड्यांच्या डब्याकडे बघत होतो. मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "खरं सांगू का, ताई? यातली कुणीच लावत नाही. हिला तर तुम्ही म्हणजे एक गरम भिंत वाटणार."

"मग हीच," बायको म्हणाली.

पालीची कात सुटायला आली होती, म्हणून ती आठवड्याने न्यायची ठरली. तेवढ्या दिवसांत पेटी, दिवा, पेटीच्या तळाखाली लावायची गरम पट्टी, सगळं मागच्या खोलीत मांडून व्हायचं होतं. त्याच रविवारी मी आईला फोन केला.

माझी आई बसने दिवसभराच्या अंतरावर एकटी राहते. तिची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. कानाला यंत्र लावून लोकांच्या तारा जोडून द्यायच्या. त्यामुळे आपल्याला ऐकू कमी येतं हे ती मान्य करत नाही. तिच्या मते लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. ऐकू न आलेली जागा ती स्वतःच्या अंदाजाने भरून काढते, आणि सवयीचा भाग म्हणून तो अंदाज तिला ऐकलेल्यापेक्षा जास्त खरा वाटतो.

मी म्हटलं, आम्ही पाल पाळणार आहोत. ती म्हणाली, काय? मी पुन्हा म्हटलं, पाल. पाळणार. मागच्या खोलीत.

पलीकडे एकदम शांतता झाली. एवढी, की लाइन गेली की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

"मागच्या खोलीत ना?" आईने हळूच विचारलं.

मी म्हटलं, हो.

"बरं केलंत. इतक्यात कुणाला बोलू नका हं."

तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पण आम्ही घेतलेल्या जातीची चुकचुकत नाही. मला वाटलं, घरात पाल पाळणं आईला चारचौघांत सांगण्यासारखं वाटत नसेल. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बरोबरच आहे त्यांचं, सांगण्यासारखं काय आहे त्यात.

पाल आणायच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. आवाज ओळखू येईना इतका हलका झाला होता. तिने विचारलं, त्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे? मी सांगितलं. ती म्हणाली, मग खिडकीखाली ठेवू नका, वाऱ्याला लागेल. मी म्हटलं, नाही, भिंतीकडे ठेवतोय. ती म्हणाली, छान. आणि मग म्हणाली, "पाळणा लाकडीच घ्या. लोखंडी करकरतो."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. पाळणार. शेवटचा र कुठेतरी वाटेत गळून पडला होता, आणि आधीची पाल तर तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मधल्या साडेतीनशे किलोमीटर तारेत माझ्या वाक्याचं एवढंच उरलं होतं: पाळणा, मागच्या खोलीत.

मी म्हटलं, आई. ती बोलतच होती. शेजारच्या चौघींना तिने सांगितलं होतं, फक्त चौघींना, त्या कुठे बोलायच्या नाहीत. तिने जुने सुती कपडे कापून चौकोनी तुकडे करायला घेतले होते, आणि सुईत दोरा काही केल्या जाईना म्हणून ती स्वतःलाच हसली होती. ते सांगतानाही ती हसली. वडील गेल्यापासून मी तिला फोनवर हसताना ऐकलं नव्हतं. मी पुन्हा एकदा म्हटलं, आई, अगं ऐक. ती म्हणाली, "ऐकतेय की. तू आता फोन ठेव आणि तिच्याजवळ बस."

मी फोन ठेवला आणि बायकोजवळ जाऊन बसलो. ती मोजेपट्टीने पेटी मोजत होती.

माझ्या पुस्तिकांच्या शेवटी एक तक्ता असतो. समस्या, संभाव्य कारण, उपाय. उपकरण चालू होत नाही. कारण, प्लग लावलेला नाही. उपाय, प्लग लावावा. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी आमच्या समस्येचा तक्ता मनात मांडून बघितला. कारणाच्या रकान्यापर्यंत आलो आणि झोप लागली. अलीकडे मला झोप फार चांगली लागते.

पाल घरी आली. बायकोने तिच्यासाठी ओलसर गुहा कामाच्या ठिकाणीच बनवून आणली होती. आतून प्लास्टर, बाहेरून कवळीचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक, नीट घासून गुळगुळीत केलेलं. त्यामुळे आमची पाल एका हिरडीत राहते. दिवसभर आत झोपते आणि संध्याकाळी तोंड बाहेर काढते, तेव्हा कुणीतरी जीभ दाखवतंय असं वाटतं. बायको कामावरून आली की पेटीसमोर स्टूल घेऊन बसायची. रातकिडे वेगळ्या डब्यात, ते रात्रभर किरकिरायचे. खोलीचं दार उघडं असायचं. बायकोच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, पण पूर्वी काही दिसायचं नाही तेव्हा आत बरंच काहीतरी चाललेलं असायचं. आता आतही तसंच, स्वच्छ पुसल्यासारखं. मला ते कळायचं, कारण माझंही तेच होतं.

आईला खरं सांगायचं राहत गेलं. तिने फोन केला की मी उचलायचो, ती सूचना द्यायची आणि मी बरं म्हणायचो. जड उचलू देऊ नकोस, बरं. जिना जपून, बरं. हे खोटं बोलणं नव्हतं, माझ्या मते तो आज्ञाधारकपणा होता.

मग एक दिवस मी अंघोळीला गेलो असताना फोन बायकोने उचलला.

मी बाहेर आलो तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. म्हणाली, आई शनिवारी येताहेत. मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, उन्हाळा संपेपर्यंत राहणार आहेत. मी टॉवेल वाळत घातला.

"त्या म्हणाल्या, तू वाकू नकोस," बायको म्हणाली. "काय सांगितलं होतंस तू त्यांना?"

"पाल पाळणार आहोत."

तिने ते शब्द तोंडात घोळवून बघितले, नुसते ओठ हलवून. तिच्या कामात साचा वरच्या जबड्याचा की खालच्या, हे ती अंधारात बोट फिरवून ओळखते. तिला वेळ लागला नाही.

"र गेला," ती म्हणाली.

"हो."

"तुला कधी कळलं?"

मी सांगितलं. ती माझ्यावर ओरडली असती तर मला सोयीचं गेलं असतं, घरात निदान काहीतरी घडल्यासारखं झालं असतं. ती नुसती उठली आणि अळ्यांचा डबा फ्रिजमधून काढला. डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाली, "मी सांगेन त्यांना. तू सांगितलंस तर तिसरंच काहीतरी ऐकू जाईल."

तिला जे नको होतं ते सगळं आता शनिवारच्या बसने येत होतं. तिने शनिवारपर्यंत त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. शुक्रवारी पेटीची काच आतून-बाहेरून पुसली, एवढंच.

आई दोन बॅगा घेऊन आली. दारातच तिने सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पोटाकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, आधी खोली बघू. बायको म्हणाली, चला.

मी मागे उभा राहिलो. खोलीत दुपारचा उजेड होता. भिंतीकडे पेटी, पेटीत दिवा, दिव्याखाली हिरडी. आईने चारही कोपऱ्यांकडे नजर टाकली. पेटीवरून नजर तशीच पुढे गेली, एखाद्या फिशटँकवरून जावी तशी.

"आई," बायको म्हणाली, "यात पाल आहे."

"काय?"

"पाल."

"बाळ?" आईने हसत विचारलं.

बायकोने एक श्वास घेतला. ही गोष्ट आम्ही दोघं कधी पूर्ण वाक्यात बोललो नव्हतो. कुजबुजतही नाही. पार्किंगमध्येसुद्धा नुसतं 'बास' म्हटलं होतं. आता ती आईच्या कानाशी जाऊन, वरच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलावी लागत होती.

"बाळ नाही, आई. पाल. पाळलीय आम्ही. बाळ नाही. होणार नाही. आता कधीच नाही."

आणि आईला कळलं आहे की नाही याची खात्री नव्हती म्हणून, कवळी बसते की नाही हे दोनदा बघतात तसं, तिने शेवटचं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. त्याच आवाजात. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

आई बॅगेवर बसली. ती बॅग तिने खोलीपर्यंत हातातच आणली होती. थोड्या वेळाने तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि पेटीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. पालींची तिला जन्मभराची किळस. माझ्या लहानपणी स्वयंपाकघरात पाल निघाली तर ती ओट्यावर चढून मला हाका मारायची.

"चावते?" तिने विचारलं.

"नाही. ही जात चावत नाही."

"वर चढते?"

"नाही चढता येत तिला."

आईने मान हलवली. मग उठून बॅग उघडली आणि सुती तुकड्यांची चळत काढली. प्रत्येक तुकड्याची कड हाताने दुमडून शिवलेली होती. कुठे ठेवावी ते न कळून तिने ती काही वेळ हातात धरली, आणि मग म्हणाली, काच पुसायला होतील. बायकोने ती घेतली.

पाठीवरून हात कुणी फिरवला नाही. आईनेही नाही.

संध्याकाळी बैठकीच्या खोलीतून आईचा आवाज आला. ती फोनवर होती. तिचा फोनवरचा आवाज घरभर पोचतो, मधे भिंती आहेत याचा त्याला पत्ता नसतो. शेजारच्या चौघींना ती एकेक करून सांगत होती. नाही हो, तसं काही नाहीये. मुलांनी सांगितलेलं वेगळंच होतं. माझ्या कानांनी घोटाळा केला. हो, ऐकू येत नाही मला हल्ली. नाही, तिची काही चूक नाही, तिला काही विचारायचं नाही कुणी. चारही फोनवर शब्द तेच, क्रमही तोच. टेलिफोन खात्यात असंच शिकवतात, एकच निरोप प्रत्येकाला एकसारखा द्यायचा. बायको आणि मी मागच्या खोलीत उभे होतो. बायकोने रातकिड्यांच्या डब्यावर हात ठेवला, म्हणजे त्यांचा आवाज दबेल. चौथा फोन संपल्यावर तिने हात काढला.

लगेच परत जाणं आईला शक्य नव्हतं. बसमधून उतरल्याबरोबर त्या चौघी दारात असत्या. म्हणून ती राहिली. दिवसभर कपाटं आवरायची, मला मी लहान असल्यासारखं जेवायला वाढायची, आणि संध्याकाळी पालीची खाण्याची वेळ झाली की मागच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसायची. आत पाऊल टाकायची नाही. पहिले दोन दिवस तोंड फिरवून बसली, तिसऱ्या दिवसापासून समोर बघायला लागली. तिच्या मते पाल फार सावकाश खाते. मी म्हटलं, तुझ्यावर गेलीय. ती म्हणाली, काय? मी म्हटलं, काही नाही.

एका संध्याकाळी ती तशीच बसली होती. बायकोने कामावरून आणलेल्या बारीक चिमट्यात अळी धरली होती आणि ती पालीसमोर हळूहळू हलवत होती. पाल हिरडीतून अर्धी बाहेर आली होती. तिने मान एका बाजूला केली, बघितलं, आणि विचार करायला घेतला.

"हिचं नाव काय ठेवलंत?" आईने विचारलं.

मी म्हटलं, काही नाही ठेवलं.

"मी ठेवू? जन्मभर लोकांना नावंच ठेवत आलेय." मग सुनेकडे बघून म्हणाली, "तुलाही ठेवली असतील थोडीफार."

"थोडीफार," बायको म्हणाली. तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. अळी चिमट्यात वळवळत होती.

"नाव नको, आई," बायको म्हणाली. या वेळी ती हळू बोलली, पेटीकडे बघत. "एक होतं. ते हिला नको."

हे मला नवीन होतं. आमच्या घरात फायली आहेत, रिपोर्ट आहेत, सोनोग्राफीचे काळे-पांढरे कागद आहेत, आणि त्यांतलं सगळं मला पाठ आहे. नाव कशातच नव्हतं. पहिल्या वेळचं की दुसऱ्या, मुलाचं की मुलीचं, मला माहीत नव्हतं. तिने ते कुणाला सांगितलं होतं का, कधी मोठ्याने म्हणून बघितलं होतं का, तेही नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून काही कळेल असं वाटलं, पण दिव्याचा उजेड तिच्या हातावर पडत होता, चेहऱ्यावर नाही.

आईला ते ऐकू गेलं की नाही, सांगता येणार नाही. ती म्हणाली, "बरं." आणि खुर्ची उचलून उंबऱ्याच्या आत घेतली, पेटीपासून हातभर अंतरावर ठेवली आणि पाय थोडे वर धरून बसली.

विचारायला माझ्या तोंडात शब्द आले होते. मी ते तिथेच ठेवले. बायकोचा हात तसाच हळूहळू हलत होता. पालीचं ठरलं. तिने अळी घेतली, दोनदा चावली, डोळे मिटून गिळली आणि ओठांवरून जीभ फिरवली.

बायकोने डब्यातून दुसरी अळी काढली, पुडीत घोळवली आणि पुन्हा तिच्यासमोर धरली.